दापोडीच्या बंगल्यातील सलामी

दापोडीचा सरकारी बंगला मुळात कॅप्टन फोर्डचा. पेशव्यांसाठी उभारलेल्या कवायती पलटणीचा हा इंग्रज अधिकारी मुळा नदीकाठी राहत असे. पगार पेशव्यांचा असला तरी ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत ही पलटण इंग्रजांना जाऊन मिळाली. पुढे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात बंगला सरकारने गव्हर्नरांच्या निवासासाठी घेतला आणि आवारात वनस्पतींची बाग लावली.

याच बंगल्यात जुलै १८३८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट वारले. मुंबईतील ग्रँट रोड आणि ग्रँट मेडिकल कॉलेज ही नावे त्यांचीच. सूर्यास्तानंतर एका ठरावीक वाटेवर शतपावली करण्याचा त्यांचा परिपाठ होता. मृत्यूच्या संध्याकाळी पुढच्या दारातून एक मांजर बाहेर पडले आणि त्याच वाटेवर येरझाऱ्या घालू लागले. पहाऱ्यावरच्या हिंदू शिपायाने ते पाहिले, इतरांना सांगितले. साहेबांचा आत्मा मांजरात शिरला, असा उलगडा एका पुरोहिताने केला. पण बंगल्यात मांजरे अनेक, त्यातले नेमके कोणते? यावर पलटणीला शोभेल असा तोडगा निघाला: अंधार पडल्यावर पुढच्या दाराने जाणाऱ्या प्रत्येक मांजराला सलामी द्यायची. शिपायापासून सुभेदारापर्यंत कोणीच हरकत घेतली नाही. लेखी हुकुमांना जोडलेला हा तोंडी हुकूम पहारा बदलताना पंचवीस वर्षे एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला.

ही हकिकत सर थॉमस गॉर्डन या लष्करी अधिकाऱ्याच्या १९०६ च्या आठवणींत आहे. ग्रँट यांना जाऊन तेव्हा अडुसष्ट वर्षे झाली होती. छावणीतल्या गप्पांची फोडणी तिला बसली असणारच. मात्र तिचा गाभा इथल्या समजुतींना धरून आहे. मुंजा, हडळ, ब्रह्मराक्षस यांच्या मागे अपुरी इच्छा किंवा वाईट मरण असते, त्यांना उतारा लागतो. ग्रँटसाहेबांचे तसे काहीच मागणे नव्हते. हा पुनर्जन्माचा मामला, त्यामुळे मांत्रिकाचे काम पडले नाही. हुद्द्याचा मान राखला की पुरे.

सलामीच्या पंचवीस वर्षांचा हिशेब १८६३ च्या आसपास येतो, आणि १८६४ मध्ये गणेशखिंडीत नव्या गव्हर्नमेंट हाऊसचे बांधकाम सुरू झाले. आज ती पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. दापोडीचा बंगला सरकारने विकून टाकला. बागेतल्या वनस्पतींची तिथले अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी काढून घेतलेली चित्रे एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत.