भरिताचे कॅरेबियन भावंड

रात्री दोघांनीच बाहेर जेवायला जायचे ठरले, की जळगाव-धुळ्यातील दांपत्यापुढे बहुधा पंजाबी भाज्यांची यादी येते, नाहीतर महामार्गावरच्या धाब्यावरची शेवभाजी. परदेशी चवीची हौस चायनीजवर भागते. लंडन किंवा टोरांटो येथे स्थायिक झालेल्या मुलांकडे गेल्यावर मात्र एखाद्या संध्याकाळी कॅरेबियन उपाहारगृहात जाण्याचा प्रसंग येऊ शकतो. तेथील पदार्थांची नावे अनोळखी असली, तरी खानदेशी माणसाने बिचकण्याचे कारण नाही.

त्रिनिदाद बेटावर ‘बैंगन चोका’ नावाचा पदार्थ घरोघर होतो. वांगे थेट विस्तवावर भाजायचे, साल काढून गर घोटायचा आणि लसणाची कढत तेलातली फोडणी वरून ओतायची. हे वर्णन वाचून भरीत आठवणार नाही, असा जळगावकर विरळा! ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज भारतीय मजुरांना घेऊन त्रिनिदादला लागले. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. करारावर मजूर नेण्याची ही पद्धत १९१७ पर्यंत चालली. त्यांतील बहुसंख्य लोक आजच्या बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातले. त्यांचा चोखा तेथे ‘चोका’ झाला. अर्थात खानदेशच्या भरिताशी त्याचे नाते चुलत भावंडाचे, सख्खे नव्हे.

आपल्या भरिताचा थाट निराळाच. त्यासाठी फिकट हिरवे, मोठे वांगे लागते. जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात, लाकडी भांड्यात ठेचतात आणि हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप व कांद्याची पात घालून परततात. सोबत पुरी किंवा कळण्याची भाकरी. चातुर्मासात वांगे वर्ज्य मानणाऱ्या घरांत चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच ते पुन्हा ताटात येते.

चोका हा मुख्यतः सकाळच्या न्याहारीचा पदार्थ असल्याने रात्री मिळेलच असे नाही. तसे झाल्यास ‘डबल्स’ मागवावे: हळद घातलेल्या मऊ तळलेल्या दोन ‘बारां’मध्ये रसदार छोले. जमैकाचे ‘जर्क चिकन’ मसाला चोळून धुरावर भाजलेले असते. त्यातील स्कॉच बॉनेट मिरची मात्र जपून. तिखटाची बढाई मारणाऱ्यांनीही पहिला घास लहानच घ्यावा. मिरची मूळची अमेरिका खंडातलीच; पोर्तुगीजांनी ती आपल्याकडे आणली. तेव्हा तेथे ती माहेरी आहे.

बाहेर जेवण्याचा खरा लाभ चवीपेक्षा वेगळाच आहे. शेतातल्या भरीत पार्टीत पुरुष हौसेने वांगी भाजतात. घरी मात्र गरम भाकरी वाढत राहणारी बाई सर्वांत शेवटी जेवते. दोघांना एकाच वेळी ताटावर बसता यावे, यासाठी विमानाचे तिकीट काढण्याची गरज नाही. हिवाळ्यात जळगावात तयार भरीत किलोवर विकत मिळते. दोघांना अर्धा किलो पुष्कळ होते. पुऱ्या तेथेच मिळतील का, तेवढे आधी विचारून घ्यावे. नाहीतर घरी आल्यावर पुन्हा तिलाच कढई ठेवावी लागते.