ज्वारी, जीवनसत्त्वे आणि बुद्धी (कुरुंदा परिसर)

कुरुंदा हे हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील गाव. विचारवंत नरहर कुरुंदकर (१९३२–८२) यांचे आडनाव याच गावावरून आले. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. आज शिवारात हळद, ऊस, सोयाबीन दिसत असले तरी ताटातले जुने धान्य ज्वारी. भाकरीवर पोसलेल्या शरीराला व मेंदूला कोणती जीवनसत्त्वे मिळतात, कोणती कमी पडतात आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा किती, याचा आढावा या नोंदीत घेतला आहे.

आहार : १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने व भरपूर तंतू असतात. लायसिन हे अ‍ॅमिनो आम्ल त्यात कमी असते. ती उणीव तुरीचे वरण भरून काढते. शेंगदाण्याच्या चटणीतून नायसिन (जीवनसत्त्व बी-३) मिळते. शेंगदाण्यात त्याचे प्रमाण ज्वारीच्या कितीतरी पट आहे. भाकरीतले लोह अंगी लागण्यासाठी सोबत लिंबाची फोड हवी. जेवणावर लगेच घेतलेला चहा ते नीट शोषले जाऊ देत नाही. बी-१२ मात्र कोणत्याच धान्यात, डाळीत वा पालेभाजीत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळते. प्रौढाला रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागते आणि पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळते. पाणी घालून वाढवलेल्या ताकात ते आणखी कमी असते.

पेलाग्रा : नायसिनच्या अभावाने होणारा रोग. उन्हात उघड्या राहणाऱ्या हातापायांवर व गळ्याभोवती कातडी काळवंडून सोलवटते, जुलाब लागतात आणि पुढे चिडचिड, उदासी, विस्मरण, भ्रम अशी मेंदूची लक्षणे दिसतात. युरोप-अमेरिकेत तो मका खाणाऱ्या गरिबांचा रोग होता; दख्खनमध्ये तो ज्वारी खाणाऱ्यांत आढळला. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतील सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसिन या अ‍ॅमिनो आम्लाच्या आधिक्याशी जोडला. ल्युसिन जास्त झाल्यास ट्रिप्टोफॅन या अ‍ॅमिनो आम्लापासून शरीरात नायसिन तयार होण्यात अडथळा येतो, असा हा सिद्धांत; त्यावर पुढे मतभेद झाले. ताटात गहू-तांदळाचा वाटा वाढला तसा हा रोग विरळ होत गेला. दोष एकट्या भाकरीचा नव्हता. भाकरीसोबत काहीच नसण्याचा होता.

आनुवंशिकता : पेलाग्रासारखाच पुरळ व मनोविकार हार्टनप या आनुवंशिक विकारातही दिसतो. त्यात ट्रिप्टोफॅन आतड्यात नीट शोषले जात नाही. या विकाराचे पहिले वर्णन १९५६ मध्ये लंडनच्या एका कुटुंबावरून झाले. एकाच्या ताटात उणीव, दुसऱ्याच्या जनुकात. नायसिनचा उपयोग दोघांनाही होतो. बी-१२ चेही असेच आहे. एफयूटी-२ या जनुकाच्या प्रकारानुसार रक्तातील बी-१२ ची पातळी थोडी कमी-जास्त असते. एमटीएचएफआर जनुकाच्या एका प्रकारात रक्तातील होमोसिस्टीन हे अ‍ॅमिनो आम्ल वाढते. फोलेट (जीवनसत्त्व बी-९) पुरेसे मिळाले तर हा परिणाम बराच कमी होतो. म्हणजे जनुक गरज ठरवते, ती भागवायची की नाही हे ताट ठरवते.

पुण्यातील संशोधन : कुरुंद्याच्या आहाराशी जुळणारा सर्वांत सविस्तर अभ्यास पुणे जिल्ह्यातील आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व मुलांचा पाठपुरावा केला. निम्म्याहून अधिक गर्भवतींमध्ये बी-१२ कमी आढळले. बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनरोध अधिक दिसला. गरोदरपणी बी-१२ कमी असलेल्या मातांची मुले नवव्या वर्षी लक्ष टिकवण्याच्या व आकडे उलट क्रमाने आठवण्याच्या चाचण्यांत मागे पडली. सर्वसाधारण बुद्धिमत्तेत मात्र फरक आढळला नाही.

उपाय व समजुती : परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या सहकार्याने ‘परभणी शक्ती’ हे लोह व जस्त अधिक असलेले ज्वारीचे वाण २०१८ मध्ये दिले. पोषणयुक्त तांदळात लोह, फॉलिक आम्ल व बी-१२ मिसळलेले असते. हळदीने स्मरणशक्ती वाढते, हे मात्र सिद्ध झालेले नाही. तिच्यातील कुर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. वसमतच्या हळदीची ख्याती बाजारातली, ती बुद्धीचे औषध नव्हे. जीवनसत्त्वांची कमतरता नसताना घेतलेल्या गोळ्यांनीही बुद्धी तल्लख होत नाही.

बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक आम्ल घेतल्यास रक्तक्षय सुधारलेला दिसतो, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. म्हणून हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसर पडणे ही लक्षणे ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नयेत. आधी रक्तातील बी-१२ तपासून घ्यावे, गोळी त्यानंतर.