समुद्र नसलेलं बेट : आंबिवली आणि नसांचं दुखणं

एखाद्या चिमुकल्या बेटराष्ट्रात न्यूरॉलॉजी कशी चालत असेल? तज्ज्ञ असला तर एखाददुसरा, नाहीतर पेशंटला विमानात बसवायचं. भार पडतो तो साध्या डॉक्टरवर. त्याच्याकडे यंत्रं नसतात, पण समोरचा माणूस काय काम करतो हे त्याला ठाऊक असतं. आज आपण असंच एक बेट पाहू, फक्त समुद्र नसलेलं : शहाडच्या पुढचं स्टेशन, आंबिवली.

इथे मोहन्यात नॅशनल रेयॉन, म्हणजे आपली एनआरसी. कंपनीची वसाहत, कंपनीची शाळा. रेयॉन होतं लाकडाच्या लगद्यापासून. १८९२ साली इंग्लंडात पेटंट झालेल्या व्हिस्कोस पद्धतीत त्या लगद्यावर कार्बन डायसल्फाइड सोडावं लागतं. हा द्रव चटकन हवेत उडतो. वर्षानुवर्षं श्वासातून जास्त प्रमाणात आत गेला, की चेतातंतूंमधली प्रथिनं एकमेकांत गुंततात. सर्वांत लांब तंतू आधी जातात, म्हणून मुंग्या सुरू होतात त्या पावलांपासून. पुढे हातांना कंप, चिडचिड, कुणाला भ्रमही.

आता पावलांच्या मुंग्या तर मधुमेहातही येतात! नुसता हातोडा मारून कारण कळत नाही. ‘कुठल्या खात्यात होता?’ हे विचारावं लागतं.

हे ज्ञान काही नवं नाही. पॅरिसच्या डेल्पेशने १८५६ मध्ये रबर कामगारांत हा विकार नोंदवला. १८८८ मध्ये शार्कोने, म्हणजे न्यूरॉलॉजीच्या साक्षात आद्यपुरुषाने, असाच एक कामगार वर्गापुढे आणला. वाफेचा संबंध त्याने मान्य केला, पण नाव दिलं हिस्टेरिया! आमच्या मते ते नाव कारखानदारांच्या पथ्यावर पडणारं होतं.

आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टने ही विषबाधा कळवण्याजोग्या रोगांच्या यादीत घातली. कलम ८९ मध्ये डॉक्टरवरही जबाबदारी टाकली : शंका आली तरी कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयाला लेखी कळवा. आणि त्यातले शब्द नीट पाहा. पेशंट कारखान्यात कामाला ‘आहे’ किंवा ‘होता’, दोन्ही धरलेत. सगळा मुद्दा त्या ‘होता’मध्ये आहे.

कारण एनआरसी २००९ मध्ये बंद पडली. वसाहतीतला डॉक्टर ज्याचं खातं ओळखत असेल, तोच माणूस आज लोकल पकडून परळला जातो, दुपारपर्यंत रांगेत उभा राहतो. केसपेपरवर व्यवसाय लिहिला जातो : निवृत्त.