दालांबेरची चूक

मध्यंतरी गणिताचे शिक्षक रजेवर असता त्यांचा एक तास आमच्याकडे आला. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. तथापि पुस्तकातील उदाहरण फळ्यावर मांडण्यास अडचण नव्हती. नाणे दोनदा उडविले असता निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती, असे ते उदाहरण होते. पुस्तकात उत्तर तीन-चतुर्थांश. एका विद्यार्थ्याने ते दोन-तृतीयांश काढले. आम्ही तांबड्या शाईने फुली मारली. तेव्हा तो म्हणाला, “सर, पहिल्याच वेळी छापा पडला तर पुन्हा नाणे उडवायचे कशाला? म्हणजे तीनच गोष्टी संभवतात : पहिल्यांदा छापा, दुसऱ्यांदा छापा, नाहीतर दोन्ही वेळा काटा. त्यांतल्या दोन आपल्या बाजूच्या.” पुस्तक पाहा, असे सांगून आम्ही त्यास खाली बसविले. त्याचे उत्तर चूक होते हे खरे. परंतु ते का चूक, हे आम्हांस सांगता आले नाही, हेही तितकेच खरे.

पुढे या शास्त्राचा इतिहास चाळताना आम्ही चकित झालो. हेच उत्तर, याच युक्तिवादासह, १७५४ साली सुप्रसिद्ध फ्रेंच ज्ञानकोशाच्या चौथ्या खंडात छापले गेले होते. आणि लेखक होता त्या कोशाचा एक संपादक, युरोपातील अग्रगण्य गणिती दालांबेर!

असे व्हावे कसे? मोजणी तर फार जुनी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) अंकपाशाचे प्रकरण आहे. शंभूच्या दहा हातांतील दहा आयुधे परस्परांत बदलली असता मूर्तीचे ३६,२८,८०० भेद होतात, हे त्यांतील गणित आपणांस परिचित आहे. पण भेद मोजणे निराळे आणि ते भेद सारख्याच संभवाचे आहेत काय, हे विचारणे निराळे. हा दुसरा प्रश्न इटलीतील जुगाराच्या पटावर पुढे आला. कार्डानो (१५०१–१५७६) हा वैद्य, गणिती आणि स्वतः जुगाराचा व्यसनी. दोन फाशांचे छत्तीस प्रकार त्याने ओळखले. त्याचा ग्रंथ मात्र मृत्यूनंतर, १६६३ साली, छापला गेला.

गॅलिलिओपुढे आलेला प्रश्न याहून मार्मिक होता. तीन फासे टाकले असता बेरीज नऊ होण्याचे सहा प्रकार, दहा होण्याचेही सहाच. मग खेळणाऱ्यांस दहा अधिक वेळा पडताना का दिसते? त्याने उत्तर दिले की, हे प्रकार समान नाहीत. तीन भिन्न अंक सहा क्रमांनी येतात, दोन सारखे असल्यास तीन क्रमांनी, आणि तिन्ही सारखे असल्यास एकाच. म्हणून एकंदर २१६ फलितांपैकी नऊसाठी २५ आणि दहासाठी २७. फरक अवघा दोनांचा. पण अनुभवी जुगाऱ्यांच्या नजरेने तो हेरला होता!

१६५४ साली पास्काल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहाराने या शास्त्राचा पाया घातला गेला. तरीही १७१४ साली लायब्नित्ससारख्या प्रज्ञावंताने दोन फाशांवर अकरा आणि बारा सारख्याच सुलभतेने पडतात, असे लिहिले. वस्तुतः बारा एकाच रीतीने होतात. अकरा मात्र पाच-सहा आणि सहा-पाच अशा दोन रीतींनी. अखेर लाप्लासने १८१२ च्या ग्रंथात व त्यानंतरच्या निबंधात नियम निःसंदिग्ध केला : अनुकूल फलितांस एकंदर फलितांनी भागावे, परंतु ती सर्व फलिते समसंभव असली पाहिजेत.

या ‘परंतु’तच सारे मर्म आहे. दालांबेरच्या तीन गोष्टींपैकी ‘पहिल्यांदा छापा’ हिचा वाटा एकटीचाच अर्धा. उरलेल्या दोहोंचा प्रत्येकी एक-चतुर्थांश. अर्धा आणि एक-चतुर्थांश मिळून तीन-चतुर्थांश. नाणे दुसऱ्यांदा उडवा अथवा उडवू नका, हा वाटा बदलत नाही.

आणि समानता नुसत्या मोजणीने हाती येत नाही. ती वस्तूत असावी लागते. आपल्या पटावरील कवडी उताणी किंवा पालथी, अशी दोनच प्रकारे पडते. म्हणून दोहोंचा संभव अर्धा-अर्धा म्हणता येईल काय? तिची पाठ फुगीर, पोट चपटे. तेथे दोन फलिते आहेत. समत्वाची ग्वाही नाही.

आम्ही त्या विद्यार्थ्यास बोलावून घेतले. एक रुपयाचे व एक पाच रुपयांचे अशी दोन नाणी त्याच्यापुढे ठेवली आणि चारही जोड्या त्याच्याकडूनच लिहवून घेतल्या. “म्हणजे माझी पहिली गोष्ट दोन घरांची होती,” तो आपण होऊन म्हणाला. मग आम्ही त्यास दालांबेरची हकिकत सांगितली. वहीवरील फुली खोडण्याचे कारण नव्हते. उत्तर चुकलेलेच होते. परंतु फुलीशेजारी कारण लिहिण्याचे ऋण आमच्याकडे राहिले होते. ते आम्ही त्या दिवशी फेडले.