न रडणाऱ्या बाळाचं दुखणं

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या हृदयाजवळची एक नळी कधीकधी जन्मानंतरही मिटत नाही. ती बांधायची तर छातीच्या कडेला चीर द्यायची, फासळ्या बाजूला सारायच्या. हे सगळं १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी जेमतेम भुलीवर चाले. बाळाला नायट्रस ऑक्साइड देत आणि सोबत क्युरारे. दक्षिण अमेरिकेतल्या शिकारी बाणांना लावायच्या विषातून आलेलं हे औषध स्नायू लुळे करतं, वेदनेला मात्र हातही लावत नाही. बाळ रडायचं नाही, कारण त्याला रडताच येत नसे.

डॉक्टर निर्दय होते असं नाही. एवढ्याशा जिवाला पूर्ण भूल दिली तर रक्तदाब कोसळेल, शस्त्रक्रियेनंतर मॉर्फिन दिलं तर श्वास थांबेल, ही भीती खरी होती. भूल टाळण्याला शास्त्राचा टेकूही मिळाला. संशोधक मर्टल मॅकग्रॉ यांनी १९४१ मध्ये ७५ बालकांना टाचणी टोचून पाहिली. अगदी नवजात बाळांचा प्रतिसाद मंद दिसला. त्यावरून बाळाचा मेंदू अजून कच्चा, त्याला काय कळतंय, असा अर्थ पुढे कित्येक वर्षं काढला गेला.

इंदूरला वैद्यकी शिकून ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत आनंद यांना मात्र शस्त्रक्रियेहून परतलेली बाळं खटकत. राखाडी पडलेली, गार. त्यांनी रडण्याचा नाद सोडला आणि रक्त तपासलं. सोळा बाळं, आठ जणांना नेहमीच्या औषधांसोबत फेंटानिल हे वेदनाशामकही दिलं, आठ जणांना नाही. ज्यांना मिळालं नाही त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं उसळली होती, आणि नंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त. ‘लॅन्सेट’मध्ये हे १९८७ च्या जानेवारीत छापून आलं.

तिकडे अमेरिकेत एका आईला आपल्या बाळाची छाती अशीच, स्नायू लुळे करून उघडल्याचं नंतर कळलं होतं. तिनं प्रकरण वर्तमानपत्रांपर्यंत नेलं. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही १९८७ मध्येच नवजातांना भूल द्यावी असं जाहीर केलं.

शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं ओळखणं याहून किचकट. न बोलणाऱ्याला विचारणार कसं? १९९६ मध्ये आलेल्या एका मापनपट्टीत परिचारिका भुवयांचा फुगवटा, मिटलेले डोळे, नाकाशेजारची घडी, नाडी आणि ऑक्सिजन बघून गुण मांडते. जास्तीत जास्त २१. पण त्याआधी बाळ किती आठवड्यांचं, हे बघायचं. अठ्ठावीस आठवड्यांच्या आतलं असेल तर चेहऱ्यावर काही दिसण्याआधीच तीन गुण. आणि अगदी शांत झोपलेलं असेल, तर आणखी तीन.