बेंगेरीत शिवला जाणारा तिरंगा

संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी तिरंगा स्वीकारला, पण देशभर तो एकसारखा दिसावा कसा? नुसते ‘केशरी’ म्हटले, तर प्रत्येक रंगारी आपापला केशरी काढणार. म्हणून १९५१ मध्ये भारतीय मानक संस्थेने ध्वजाचे मानक प्रसिद्ध केले. त्याचा क्रमांक आयएस १. देशाच्या मानकांत पहिला मान ध्वजाला मिळाला, हे योग्यच झाले. लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२. आकार नऊच, मोटारीवरच्या ध्वजाचा वेगळा, टेबलावरच्याचा वेगळा. सर्वांत मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सर्वांत लहान १५० बाय १००. रंगछटा, कापड, चोवीस आऱ्यांचे निळे चक्र, इतकेच काय, दोरीसुद्धा मानकात बसवलेली.

नियम एकदा ठरवायचा, तो सगळीकडे लागू: वेब पानांचेही सूत्र हेच. हॉकन व्हियम ली यांनी १९९४ मध्ये सुचवलेली सीएसएस ही स्टाइलशीटची भाषा डिसेंबर १९९६ मध्ये मान्य झाली. मजकूर एका फाइलीत, रंग, टाइप आणि समास दुसरीत. तिथली एक ओळ बदलली की हजार पानांचे मथळे एकदम बदलतात.

कापडाला ही सोय नाही. प्रत्येक ध्वजावर नियम नव्याने, हातांनी उतरवावा लागतो.

हे काम कर्नाटकातल्या हुबळीत होते. वेंकटेश मागडी यांच्या पुढाकाराने १ नोव्हेंबर १९५७ रोजी कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ स्थापन झाला. हुबळीतल्याच बेंगेरीच्या आवारात ध्वजनिर्मिती सुरू व्हायला मात्र २००४ साल उजाडले, आणि पुढे भारतीय मानक ब्युरोचा, म्हणजे पूर्वीच्या मानक संस्थेचा, परवाना मिळाला. ध्वजाची खादी बागलकोट जिल्ह्यातल्या तुळसीगेरीच्या मागांवर विणली जाते. धारवाडजवळच्या गरग गावाचेही नाव या खादीसाठी आहे. बेंगेरीत कापड रंगवले जाते, बेतले जाते, शिवले जाते. या कामावर बहुतांश बायका आहेत. सर्वांत अवघड काम चक्राचे: ते पांढऱ्या पट्टीच्या दोन्ही बाजूंनी छापायचे, आणि पुढचा आरा मागच्या आऱ्यावर तंतोतंत बसला पाहिजे. इथे नजर आणि सराव यांना पर्याय नाही.

३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ध्वजसंहितेत यंत्रावर बनलेल्या पॉलिस्टरच्या ध्वजालाही मुभा मिळाली. संघाने तिला उघड विरोध केला, आणि तो रास्त होता. घरोघरी तिरंगा पोहोचणे आनंदाचेच. पण त्यापायी कातणाऱ्या-विणणाऱ्यांचे काम जाऊ नये. शाळा, ग्रामपंचायती आणि सरकारी कचेऱ्यांनी तरी ध्वज खादीचाच घ्यावा. महाराष्ट्रात तो नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीही तयार करते.