मनोरुग्णालयातील बळाचा वापर आणि परिचर : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
अनावर झालेल्या मनोरुग्णास आवरावे कसे, हा प्रश्न मनोरुग्णालयांइतकाच जुना आहे. त्याचा इतिहास बहुधा डॉक्टरांच्या नावाने सांगितला जातो. परंतु रुग्णाच्या अंगाला प्रत्यक्ष हात लागतो तो परिचराचा अथवा रक्षकाचा. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयातील रुग्णांचे साखळदंड १७९७ मध्ये काढले ते तेथील व्यवस्थापक झाँ-बातिस्त प्यूसँ यांनी; श्रेय मात्र दीर्घकाळ डॉ. फिलिप पिनेल यांना मिळत राहिले. प्रस्तुत लेखात बंधनमुक्तीच्या इंग्लंडमधील चळवळीचा परिचरांच्या अंगाने विचार केला आहे.

लिंकन व हॅनवेल :
१८२९ मध्ये लिंकन येथील रुग्णालयात हात जखडणारा अंगरखा घालून रात्रभर पलंगाला बांधून ठेवलेला एक रुग्ण देखरेखीअभावी मरण पावला. त्यानंतर तेथे बंधनांच्या प्रत्येक वापराची नोंद व रात्रीची देखरेख यांवर भर देण्यात आला. डॉ. रॉबर्ट गार्डिनर हिल यांच्या कारकिर्दीत १८३८ पर्यंत तेथील बंधने जवळजवळ संपुष्टात आली. १८३९ मध्ये डॉ. जॉन कॉनॉली यांनी सुमारे ८०० रुग्णांच्या हॅनवेल रुग्णालयात हाच प्रयोग यशस्वी केला.

या सुधारणेची दुसरी बाजूही लक्षात घेणे आवश्यक आहे. पट्टे व साखळ्या गेल्या, तेव्हा त्यांचे काम माणसांच्या हातांवर आले. सक्षम व पुरेशा परिचरांवाचून ही पद्धती चालणार नाही, याची जाणीव हिल यांनाही होती. पुढे रुग्णालये मोठी होत गेली, परिचर अपुरे पडू लागले आणि १८७० च्या सुमारास रुग्णांच्या मोडलेल्या बरगड्या हा वैद्यकीय वर्तुळात वादाचा विषय ठरला. परिचरांसाठी पहिली अधिकृत प्रशिक्षण-पुस्तिका निघाली ती १८८५ मध्ये, म्हणजे हॅनवेलच्या प्रयोगानंतर ४६ वर्षांनी.

कायद्याची भूमिका :
हा प्रश्न विसाव्या शतकाबरोबर संपला नाही. २०१० मध्ये लंडनमधील एका मनोरुग्णालयात ११ पोलिसांनी दीर्घकाळ दाबून धरलेला २३ वर्षांचा तरुण दगावला. त्यातूनच २०१८ चा बळाच्या वापराविषयीचा ब्रिटिश कायदा झाला. कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण व प्रत्येक प्रसंगाची नोंद हेच त्याचे मुख्य सूत्र आहे.

भारतात ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळदंड व एकांतकोंडी यांना बंदी घातली. तात्काळ इजा टाळण्याचा अन्य मार्ग नसेल, तरच मानसोपचारतज्ज्ञाच्या अनुमतीने, अत्यावश्यक तेवढ्या काळापुरते शारीरिक बंधन घालता येते. शिक्षा म्हणून, अथवा केवळ कर्मचारी अपुरे आहेत या सबबीवर, ते घालता येत नाही.

समारोप :
कर्मचाऱ्यांच्या तुटवड्याविषयीची ही तरतूद इतिहासाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची ठरते. लिंकनचा मृत्यू देखरेखीच्या अभावी झाला आणि हॅनवेलच्या तत्त्वाची पुढे झालेली दुर्दशा मनुष्यबळाच्या अभावी. बंधनाचे साधन कायद्याने काढून घेता येते. परंतु त्याच्या जागी येणारा हात प्रशिक्षित आणि पुरेसा नसेल, तर बळाचा वापर केवळ रूप बदलतो. म्हणून परिचर व सुरक्षारक्षक यांची निवड, संख्या व प्रशिक्षण हा प्रशासकीय तपशील नसून रुग्णाच्या मानवी प्रतिष्ठेचा गाभा होय.